आठ आठवडे आणि एक खात्रीची मोजणी

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. पॅच क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याचं तंत्र, शिकायला मिळेल अशी आशा होती, पण मला दिलेलं काम वेगळंच आहे. चाकावर पळणारे सहा आणि न पळणारे सहा अशा बारा उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे (मेंदूचा स्मृतीशी जोडलेला भाग) काप डबलकॉर्टिनसाठी (नव्या चेतापेशींत सापडणारं प्रथिन) रंगवायचे आणि पेशी मोजायच्या. कॉलेजच्या प्रॅक्टिकलपलीकडे मी पिपेट वापरलेलं नाही. नुसत्या पेशी मोजून मी काय शिकणार? माझ्या हातून काही बिघडलं तर? आणि जाण्याआधी काय वाचू?

उत्तर : ‘नुसत्या पेशी मोजून’ हे तुझे शब्द आधी घेते, कारण तुझ्या विषयातला सगळ्यात मोठा वाद पेशी मोजण्यावरूनच पेटला आहे. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ साली दाखवलं की रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होतात. कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९९९ साली चाकावर पळणाऱ्या उंदरांमध्ये अशा पेशी जास्त दिसतात हे प्रसिद्ध झालं. तुझा प्रकल्प त्याच घराण्यातला आहे. मग २०१८ साली एका महिन्याच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकाने सांगितलं की प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जवळपास सापडतच नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की म्हातारपणापर्यंत त्या तयार होत राहतात. २०१९ साली तिसऱ्या गटाने दाखवलं की मेंदूचा तुकडा फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रवात, किती वेळ ठेवला यावर डबलकॉर्टिन दिसणार की नाही हे बरंचसं अवलंबून असतं. म्हणजे पेशी असूनही रंगल्या नसतील, तर ‘शून्य’ ही मोजणी खोटी ठरते. रंगवणं आणि मोजणं ही तुझ्या वाट्याला आलेली किरकोळ हमाली नाही. सगळ्या निष्कर्षाचा भार या दोन कामांवर आहे. आठ आठवड्यांत एका मोजणीबद्दल छातीठोकपणे ‘हा आकडा खरा आहे आणि तो असा आला’ असं सांगता आलं, तर फार मोठी गोष्ट शिकलीस असं समज.

पहिल्या दिवशी पिपेट उचलण्याआधी कागद-पेन्सिल घे आणि काम किती आहे ते मांड. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधला डेंटेट गायरस, म्हणजे नव्या पेशी जिथे तयार होतात तो पट्टा, पुढून मागे साधारण ३ मिलिमीटर पसरलेला असतो. ४० मायक्रॉन जाडीचे काप घेतले तर सुमारे ७५ काप होतात. ते सगळे कुणी रंगवत नाही. दर सहावा काप घेतात, म्हणजे एका उंदराचे १२च्या आसपास. बारा उंदरांचे १४४ काप. कन्फोकलवर, म्हणजे लेझरने एकेक पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, एका कापाच्या एका बाजूच्या डेंटेट गायरसला १५ मिनिटं लागतात असं धरलं, तर सूक्ष्मदर्शकावर ३६ तास, आणि दोन्ही बाजू घेतल्या तर ७२. सूक्ष्मदर्शक सगळ्यांचा असतो आणि त्याची वेळ आधी राखून ठेवावी लागते. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांपुढे ठेवलास तर एकच बाजू घ्यायची की दोन्ही, कन्फोकल हवा की साधा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक पुरेल, हे निर्णय वेळेत होतील. अशा इंटर्नशिप बहुधा सहाव्या आठवड्यात कोसळतात. काप रंगवून तयार असतात आणि सूक्ष्मदर्शक मोकळा नसतो.

काप कुणी आणि कसे तयार केले, हेही त्याच आठवड्यात विचारून लिहून ठेव. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे पीएफए, हृदयातून सोडून मेंदू फिक्स केला का? नंतर तो पीएफएमध्ये किती तास ठेवला, आणि बाराही मेंदूंना सारखेच तास मिळाले का? ३० टक्के साखरेच्या द्रावणात तो तळाशी बसेपर्यंत ठेवला होता का? (मेंदू तरंगत असतानाच गोठवला तर आत बर्फाचे कण होतात आणि काप जाळीसारखे भोकाभोकांचे दिसतात.) उंदरांचं वय काय? डबलकॉर्टिन असलेल्या पेशी वयाबरोबर झपाट्याने कमी होतात, त्यामुळे दोन गटांच्या वयात काही आठवड्यांचा फरक असला तरी पळण्याचा परिणाम कुठला आणि वयाचा कुठला हे सांगता येत नाही. आणखी एक प्रश्न अवश्य विचार : न पळणाऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यात चाक होतं का? अडकवून ठेवलेलं, न फिरणारं चाक असेल तर तुलना चांगली. चाकच नसेल, तर ‘पिंजऱ्यात नवी वस्तू असणं’ हाही फरक पळण्यात मिसळतो. आता ते बदलता येणार नाही, पण शेवटच्या सादरीकरणात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

आता रंगवण्याकडे वळू. यात दोन अँटिबॉडी असतात : प्रायमरी डबलकॉर्टिनला चिकटते, आणि चमकणारा रंग जोडलेली सेकंडरी त्या प्रायमरीला. तुझ्या प्रयोगशाळेची स्वतःची पद्धत असेल आणि तीच पाळायची. पण प्रत्येक पायरी का आहे हे माहीत असलं की चूक लवकर दिसते. सोयीसाठी असं धरू की २४ खणांची प्लेट आहे, प्रत्येक उंदराला दोन खण, एका खणात सहा काप तरंगते ठेवलेले, आणि दर खणाला ३०० मायक्रोलिटर द्रावण. एकूण ७.२ मिलिलिटर, थोडं वाया जाणार म्हणून ८ मिलिलिटर बनव.

आधी पीबीएसने, म्हणजे फॉस्फेटच्या खारट बफरने, तीनदा, दहा-दहा मिनिटं धुणं. काप साठवणीच्या द्रावणात असतील तर त्यातलं ग्लिसरॉल आणि ग्लायकॉल निघून जायला हवं. मग ब्लॉकिंग, खोलीच्या तापमानाला एक तास : ८ मिलिलिटरमध्ये ५ टक्के डाँकी (गाढवाचं) सीरम म्हणजे ४०० मायक्रोलिटर, ०.३ टक्के ट्रायटन म्हणजे १० टक्के साठ्यातून २४० मायक्रोलिटर, उरलेलं ७.३६ मिलिलिटर पीबीएस. ट्रायटन पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, म्हणून अँटिबॉडी आत शिरते. सीरम रिकाम्या चिकट जागा आधीच भरून टाकतं, म्हणून अँटिबॉडी नको तिथे चिकटत नाही. सीरम त्याच प्राण्याचं घ्यायचं ज्यात सेकंडरी अँटिबॉडी बनली आहे. डबलकॉर्टिनची अँटिबॉडी शेळीत बनवलेली असेल आणि तू ब्लॉकिंगला शेळीचंच सीरम घेतलंस, तर शेळीला ओळखणारी सेकंडरी त्या सीरमलाच जाऊन चिकटेल आणि सगळा काप सारखाच उजळेल. नवशिक्यांच्या हातून ही चूक वारंवार होते. ती टाळायला दोन्ही बाटल्यांवरच्या प्राण्यांची नावं प्लेटच्या नकाशावर शेजारी शेजारी लिहून ठेव.

त्यानंतर प्रायमरी, ४ अंश सेल्सियसला रात्रभर, हलकेच हलणाऱ्या शेकरवर. ५०० पट पातळ करायची असेल तर ८ मिलिलिटरला १६ मायक्रोलिटर. प्लेटच्या कडेला पॅराफिल्म गुंडाळ, नाहीतर कडेच्या खणांतलं पाणी रात्रीत उडतं आणि सुकलेल्या कापाची किनार दिव्यासारखी चमकते. शेकर सुरू करण्याआधी प्रत्येक खणात डोकाव : एखादा काप भिंतीला वर चिकटला असेल किंवा दुमडला असेल, तर मऊ ब्रशने खाली आण. दुसऱ्या दिवशी तीनदा धुवून सेकंडरी, दोन तास, प्लेट अॅल्युमिनियम फॉइलमध्ये. इथून पुढे सगळं अंधारात. सेकंडरी घेण्याआधी तिची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी किंवा त्याहून जास्त वेगाने पाच-दहा मिनिटं फिरव आणि वरचं द्रव घे. तळाशी जमलेले गोळे कापावर पडले की बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते, आणि नवख्या डोळ्याला त्या पेशी वाटतात. मग डॅपी, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटं, म्हणजे सगळ्या केंद्रकांचा निळा नकाशा मिळतो. पुन्हा धुणं आणि स्लाइडवर चढवणं.

काप स्लाइडवर चढवणं शब्दांत सांगता येत नाही, हाताला लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात टाकाऊ काप मागून घे आणि तीस-चाळीस चढवून पाहा. पीबीएसमधून थेट चढवलेस तर वाळल्यावर मिठाचे स्फटिक राहतात. म्हणून बरेच जण पातळ केलेल्या बफरमधून चढवतात. माउंटिंग माध्यम जास्त झालं की कव्हरस्लिप घसरते, कमी पडलं की बुडबुडे. कव्हरस्लिप बोटाने दाबू नकोस, तिच्या वजनाने ती बसू दे. जाडी ०.१७ मिलिमीटर, म्हणजे १.५ क्रमांकाची, बहुतेक चांगली ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी घडवलेली असतात.

पिपेटचा सरावही तसाच कर. १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा तराजूवर टाक. प्रत्येक वेळी ०.१०० ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. आकडे वरखाली होत असतील तर तू घाईने शोषते आहेस किंवा टिप फार खोल बुडवते आहेस. ट्रायटनचा मूळ घट्ट द्रव पिपेटमधून कधीच नीट मोजला जात नाही, म्हणूनच १० टक्के साठा करून ठेवतात. आणि एका मायक्रोलिटरहून कमी काही घ्यायची वेळ आली, तर आधी मधला पातळ साठा बनव.

कंट्रोल टाळू नकोस, वेळ नसला तरीही. या २४ खणांव्यतिरिक्त वेगळ्या एका खणात, जादा कापांवर, प्रायमरी न घालता बाकी सगळं कर. त्यात जे उजळेल ती सेकंडरीची आणि ऊतीची स्वतःची चमक. मेंदूतलं रक्त नीट धुवून निघालं नसेल तर रक्तवाहिन्यांत अडकलेल्या तांबड्या पेशी हिरव्या चॅनेलमध्ये चमकतात. प्रायमरी उंदरातच बनवलेली असेल, तर उंदराला ओळखणारी सेकंडरी रक्तवाहिन्यांभोवतीच्या उंदराच्याच अँटिबॉडींना चिकटते. आणि संपूर्ण प्लेट काळी निघाली, तर रडण्याआधी याच क्रमाने तपास : सेकंडरी योग्य प्राण्याविरुद्धची आहे का, सूक्ष्मदर्शकाचा फिल्टर बरोबर आहे का, ट्रायटन घातलं होतं का, अँटिबॉडी वारंवार वितळवून गोठवली गेली होती का, आणि सगळ्यात शेवटी, फिक्सेशन फार लांबलं होतं का. शेवटचं कारण असेल तर पीएच ६.० च्या सिट्रेट बफरमध्ये काप गरम करून झाकलेले भाग पुन्हा उघडता येतात, पण ते मार्गदर्शकांना विचारूनच; तरंगते काप त्यात सहज फाटतात.

एक गोष्ट मात्र ठाम : पळणारे उंदीर एका दिवशी आणि न पळणारे दुसऱ्या दिवशी रंगवायचे नाहीत. दोन दिवसांत अँटिबॉडीचं प्रमाण, खोलीचं तापमान, धुण्याचा वेळ यांत काही ना काही फरक पडतोच, आणि तो फरक मग पळण्याच्या नावावर जमा होतो. बाराही उंदीर एकाच प्लेटवर बसत नसतील तर प्रत्येक तुकडीत दोन्ही गटांतले समान घे.

सूक्ष्मदर्शकावर पहिला नियम : सगळ्यात उजळ दिसणाऱ्या कापावर लेझर आणि गेन (संकेत किती वाढवायचा तो आकडा) बसव, एकही ठिपका कमाल मर्यादेला पोचू देऊ नकोस, आणि मग तेच आकडे शेवटच्या कापापर्यंत ठेव. ८ बिटच्या चित्रात २५५च्या पुढे काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे मर्यादेला टेकलेल्या दोन शेजारी पेशी एकच पांढरा गोळा होतात. डेंटेट गायरसमध्ये नव्या पेशी झुपक्याने असतात, तिथे हे फार नडतं. दुसरा नियम तेलाचा : ६३ पटीच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवरून २० पटीच्या कोरड्यावर जाण्याआधी स्लाइडवरचं तेल पुसायलाच हवं. कोरड्या ऑब्जेक्टिव्हला तेल लागलं तर सगळ्यांची चित्रं धूसर येतात आणि ते साफ करायला जाणकार माणूस लागतो. निघण्यापूर्वी नोंदणीत पुढे कुणी आहे का बघ. असेल तर लेझर बंद करू नकोस. मूळ फाइल सूक्ष्मदर्शकाच्याच स्वरूपात ठेव, म्हणजे पिक्सेलचं माप आणि सेटिंग तिच्यासोबत राहतं. जेपेग करून मूळ फाइल पुसणं म्हणजे मोजपट्टीवरचे आकडे खोडणं.

आता मोजणी. इथे घाई करू नकोस, कारण आठ आठवड्यांतलं खरं विज्ञान इथे आहे.

कोणते काप मोजायचे हे निवडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नकोस. सहा कापांच्या मालिकेतला पहिला कोणता घ्यायचा ते फासा टाकून ठरव. समजा ४ आला, तर चौथा, दहावा, सोळावा असं पुढे. ‘हा काप सुंदर रंगला आहे, हाच घेते’ म्हटलंस की आकडा तुझ्या आवडीचा झाला. फाटलेला काप गाळावा लागला तर गाळल्याची नोंद कर.

मग ‘पेशी’ म्हणजे काय ते लिही, अक्षरशः एका वाक्यात. डबलकॉर्टिन पेशीद्रवात असतं, केंद्रकात नाही. म्हणून खरी पेशी उजळ वलयासारखी दिसते आणि मध्ये डॅपीने निळं झालेलं केंद्रक असतं. व्याख्या अशी करता येईल : ‘ग्रॅन्यूल पेशींच्या थराच्या आतल्या कडेला किंवा त्या थरात, उजळ पेशीद्रवाने वेढलेलं स्पष्ट निळं केंद्रक.’ केंद्रकाशिवाय दिसणारा तुकडा ही पेशी नाही, ती शेजारच्या पेशीची फांदी असू शकते. व्याख्या लिहिल्यावर पाच चित्रं तू मोज आणि तीच पाच प्रयोगशाळेतल्या अनुभवी व्यक्तीकडून मोजून घे. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर दोष डोळ्यांचा नसतो, व्याख्या ढिली असते. ज्या पेशींवर मतभेद झाला त्या दोघींनी एकत्र बघा आणि वाक्य दुरुस्त करा. आठवड्याने तीच चित्रं न आठवता पुन्हा मोज. स्वतःशीच जुळलीस, तर पुढे जा.

उंदीर कोणत्या गटातला हे मोजताना तुला कळता कामा नये. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कुणालातरी स्लाइडवरची नावं झाकून यादृच्छिक अक्षरं चिकटवायला सांग आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू दे. तू प्रामाणिक आहेस याबद्दल इथे शंका घेतलेली नाही. अर्धवट दिसणाऱ्या पेशीपाशी डोळा अडखळतो, आणि गट माहीत असेल तर तो अपेक्षेच्या बाजूला झुकतो. हे सगळ्यांचंच होतं.

आणखी एक बारकावा बहुतेक इंटर्नना कुणी सांगत नाही. काप घेताना एखादी पेशी मधोमध कापली गेली तर तिचे तुकडे दोन कापांत जातात आणि ती दोनदा मोजली जाऊ शकते. अॅबरक्रॉम्बी यांनी १९४६ साली त्यासाठी सोपी दुरुस्ती दिली : मोजलेला आकडा गुणिले कापाची जाडी, भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. काप ४० मायक्रॉन आणि केंद्रक १० मायक्रॉन असेल तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८, मोजलेल्या १०० पेशी प्रत्यक्षात ८०. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा : वरून खाली चित्रांची थप्पी घे, सगळ्यात वरच्या चित्रात ज्यांचं केंद्रक आधीच स्पष्ट आहे त्या सोड आणि खाली जाताना नव्याने स्पष्ट होणाऱ्या मोज. दोन्हींपैकी एकच वापर, दोन्ही लावलेस तर दुरुस्ती दुप्पट होईल. मोजणी गुणिले सहा केलं की पूर्ण डेंटेट गायरसचा अंदाज मिळतो. फक्त ‘दर चौरस मिलिमीटर किती’ असा आकडा देऊन थांबू नकोस. पळण्यामुळे थराचं आकारमानच बदललं असेल तर घनता फसवते. एकूण संख्या आणि थराचं क्षेत्रफळ, दोन्ही दे.

मोजणीसाठी फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, त्यातला सेल काउंटर घे. ठिपक्यांची फाइल प्रत्येक चित्रासोबत जतन कर, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर कोणती पेशी मोजली होती ते दाखवता येईल.

शेवटी हातात हजारो पेशी असतील, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने तुझ्याकडे बारा आकडे आहेत. एका उंदराच्या सगळ्या कापांचा मिळून एक आकडा. पेशी हा स्वतंत्र नमुना नाही, काप हाही नाही. उंदीर पळला होता, पेशी नाही. तुलना सहा विरुद्ध सहा अशी कर, प्रत्येक उंदीर एक ठिपका म्हणून आलेखावर दाखव. कोणता उंदीर का गाळायचा याचा नियम किल्ली उघडण्याआधी लिहून ठेव, नंतर नाही. फरक दिसला नाही तर तेही लिहायचं. ती तुझी चूक नसते.

चुकांबद्दल. त्या होतील. वाचवता येते ती चूक लगेच सांगितलेली. ब्लॉकिंगमध्ये ट्रायटन राहिलं हे दहा मिनिटांत सांगितलंस तर द्रावण बदलता येतं. दोन खणांतले काप मिसळले असतील तर तिथेच थांब, ‘बहुतेक हा डावीकडचा असावा’ असा अंदाज करून पुढे जाऊ नकोस. ते दोन्ही खण बाद धरणं परवडतं, चुकीचा उंदीर चुकीच्या गटात गेलेला परवडत नाही. सांगायचं कसं, हेही साधं आहे : ‘आज साडेतीनला तिसऱ्या आणि चौथ्या खणातले काप मिसळले, मी थांबले आहे, पुढे काय करू?’ वेळ, काय झालं, आता काय स्थिती. माफीची लांबण नको. मार्गदर्शक कामात असतील तर रोज ज्यांच्या शेजारी बसतेस त्या पीएचडी करणाऱ्यांना आधी सांग.

नोंदवही पेनने लिही आणि त्याच दिवशी. अँटिबॉडीचा कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक, किती पट पातळ, द्रावण कधी घातलं आणि कधी काढलं, ठरलेल्या पद्धतीपेक्षा काय वेगळं झालं. चुकलं तर एक रेघ मारून वर बरोबर लिही. पांढऱ्या शाईने झाकू नकोस. प्लेटच्या नकाशाचा फोटो चिकटव. लॉट बदलला की तीच अँटिबॉडी वेगळी वागू शकते, आणि लॉट क्रमांक लिहिलेला नसेल तर कारण कधीच सापडत नाही.

सुरक्षिततेचे चार शब्द. पीएफएची पूड फ्यूम हुडमध्येच तोलायची, हातमोजे घालून. क्रायोस्टॅटचं, म्हणजे गोठवलेल्या मेंदूचे काप घेणाऱ्या यंत्राचं, चाक अडकवल्याशिवाय पात्याजवळ हात न्यायचा नाही, गोठलेला काप ब्रशने हलवायचा. साठवलेल्या पीबीएसमध्ये सोडियम अझाइड असेल तर ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. धातूच्या नळात त्याचे स्फोटक क्षार साचू शकतात. उंदरांच्या खोलीत शिंका, डोळ्यांना खाज किंवा अंगावर चट्टे सुरू झाले तर लगेच सांग, उंदरांची अॅलर्जी खरी असते आणि सोसत राहिलं की वाढते. प्रशिक्षण आणि परवानगीशिवाय प्राण्याला हात लावायचा नाही. परफ्यूजन (हृदयातून पीएफए सोडणं) बघणं जड गेलं तर तसं सांगायला संकोच नको. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी एक म्हणजे कमीत कमी प्राणी वापरणं, आणि तुझ्या पातळीवर त्याचा अर्थ असा की एकही काप निष्काळजीपणे वाया जाऊ द्यायचा नाही. त्यामागे एक जीव गेलेला आहे.

पॅच क्लॅम्पबद्दल तुझी हुरहुर समजते. नेहर आणि साकमन यांनी १९७६ साली एका एकट्या आयन चॅनेलमधून वाहणारा प्रवाह मोजला आणि १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या पडद्यावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेषेला एक जादू आहे. पण विश्वासार्ह नोंद घेता येईपर्यंत महिने जातात, आणि आठ आठवड्यांत दोन्ही धरायला गेलीस तर दोन्ही निसटतील. चौथ्या आठवड्यानंतर एक दुपार बघायला बसू देता का, असं विचार, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस : त्या दिवशीचं कृत्रिम मेंदूजल (मेंदूचे जिवंत काप ज्यात ठेवतात ते द्रावण) बनवून द्यायची तयारी दाखव. त्यात सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि ग्लुकोज विरघळवून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आधी सोडायचे आणि कॅल्शियम त्यानंतर घालायचं. आधी घातलंस तर द्रावण दुधट होतं, कारण कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) सुमारे ३०० मिलिऑस्मोल, पीएच ७.३ ते ७.४. हे बिनचूक करून देणाऱ्याला पुढच्या वेळी बसायला खुर्ची मिळते.

वाचनाचा ढीग करू नकोस. त्या प्रयोगशाळेचा अलीकडचा एक शोधनिबंध, त्याचा पद्धतीचा विभाग दोनदा. २०१८चे ते दोन आणि २०१९चा एक, हे तिन्ही शेजारी ठेवून. निष्कर्ष बाजूला सार आणि ऊती कशी फिक्स केली, पेशीची व्याख्या काय, किती जणांचे नमुने, एवढंच वहीत तीन रकान्यांत लिही. शिवाय उंदराच्या मेंदूचा अॅटलस रोज वीस मिनिटं, डॅपीचा काप बघून तो ब्रेग्मापासून (कवटीच्या हाडांचा सांधा, अंतर मोजण्याचा शून्य बिंदू) किती मागे आहे ते ओळखता येईपर्यंत. अॅलन संस्थेचा अॅटलस मोफत बघता येतो.

वेळेची विभागणी साधारण अशी बसते : पहिला आठवडा बघणं, पिपेट आणि टाकाऊ काप, दुसरा, दोन-तीन कापांवर अँटिबॉडीचं योग्य प्रमाण शोधणं, तिसरा आणि चौथा, खरं रंगवणं, त्यातला एक प्रयत्न फसणार असं धरून, पाचवा आणि सहावा, चित्रं, सातवा, मोजणी, आठवा, किल्ली उघडणं, आलेख आणि सादरीकरण.

आठव्या आठवड्यातले शेवटचे दोन दिवस मात्र आवराआवरीशिवाय कशालाही देऊ नकोस. उरलेले काप साठवणीच्या द्रावणात, उणे २० अंशांत, प्रत्येक नळीवर उंदराचा क्रमांक, मालिकेचा क्रमांक आणि तारीख, न पुसणाऱ्या पेनने. स्लाइडचा डबा अंधारात, झाकणाच्या आत यादी. संगणकावर एकाच फोल्डरमध्ये मूळ चित्रं, ठिपक्यांच्या फाइल, आकड्यांचा तक्ता आणि किल्ली, आणि सोबत एक पानभर साधा मजकूर : पेशीची व्याख्या, कोणते काप गाळले, कोणता लॉट वापरला, काय फसलं. मग एखाद्या मैत्रिणीला ते पान दे आणि तिला तुझ्या मदतीशिवाय एका चित्रातल्या पेशी मोजायला सांग. ती जिथे अडेल तिथे पानात एक ओळ घाल.